नम्रता कोणी दाखवायची?

ख्रिस्ती मंडळीत नम्रतेइतकी स्तुती क्वचितच दुसऱ्या एखाद्या गुणाची होत असेल. उपवासकाळातल्या उपदेशांत ती असते, लग्नविधीच्या बोधात असते, दीक्षेच्या वेळच्या प्रार्थनेत असते आणि माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल बोलताना तर हटकून असते. पण ‘नम्र राहा’ हे वाक्य कोण कोणाला म्हणतो, याकडे जरा लक्ष द्यावे. ते बहुतेक वेळा वरून खाली येते. वडीलधारे तरुणांना म्हणतात, सासू सुनेला म्हणते, कमिटीवरचा सभासद प्रश्न विचारणाऱ्याला म्हणतो. तरुण संघातल्या एखाद्या मुलाने वार्षिक सभेत इमारत फंडाचा हिशेब विचारला, तर आकडे मिळण्याआधी त्याला लीनतेवर दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात. ज्याच्या हाती किल्ल्या, माईक आणि चेकबुक आहे, त्याला नम्रतेची आठवण करून देणे मात्र उद्धटपणाचे मानले जाते. माझे म्हणणे असे की ही दिशाच चुकलेली आहे. नव्या करारात नम्रतेची अपेक्षा सर्वांकडून आहे हे खरे, पण तिची सुरुवात ज्याच्याकडे सोडण्यासारखे काही आहे त्याच्यापासून होते. जागा, पद, ज्ञान, पैसा, अधिकार यांपैकी आपल्या वाट्याला जे आले असेल, त्याचे आपण रोजच्या व्यवहारात काय करतो, यावरून आपली नम्रता ठरते. मनात आपल्याला किती लहान वाटते, हा नंतरचा प्रश्न आहे.

या म्हणण्याला आधार शोधायचा तर फिलिप्पै शहरात जावे लागते, कारण नम्रतेवरचा ख्रिस्ती परंपरेतला सर्वांत महत्त्वाचा मजकूर तिथल्या मंडळीसाठी लिहिला गेला. फिलिप्पै हे मासेदोनियातले शहर. इ. स. पूर्व ४२ मध्ये ज्यूलियस सीझरच्या मारेकऱ्यांचा, ब्रूटस आणि कॅशियसचा, पराभव याच शहराजवळ झाला. त्यानंतर निवृत्त रोमी सैनिकांना इथे जमिनी देऊन वसवले गेले आणि शहराला रोमी वसाहतीचा दर्जा मिळाला. इथले लोक रोमपासून दूर राहूनही स्वतःला रोमचे मानत. मानमरातबाची त्यांना फार ओढ होती. तिथे सापडलेल्या शिलालेखांत माणसांनी आपण भूषवलेली पदे ओळीने कोरून ठेवलेली दिसतात. कोण कोणाच्या आधी बसणार, कोणाचे नाव आधी घेतले जाणार, हे त्या समाजात फार मोठे प्रश्न होते. अशा शहरातल्या लहानशा मंडळीला पौल तुरुंगातून पत्र लिहितो आणि तिच्यासमोर ख्रिस्ताची वाटचाल मांडतो. देवाच्या बरोबरीची स्थिती, मग दासाचे रूप, मग मरण, आणि तेही वधस्तंभावरचे. वधस्तंभ ही प्रामुख्याने गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाणारी शिक्षा होती. रोमी नागरिकाच्या वाट्याला ती सहसा येत नसे. पदांच्या पायऱ्या चढण्यात आयुष्य घालवणाऱ्या शहरात पौलाने एक एक पायरी उतरत गेलेल्या प्रभूचे चित्र उभे केले. पुढच्याच अध्यायात तो स्वतःच्याही जमेच्या बाजू एकामागून एक मोजतो: कुळ, वंश, शिक्षण, धर्मनिष्ठा. आणि मग ते सगळे आपण तोटा समजतो असे सांगतो.

हा मजकूर इतका उदात्त आहे की तो कशासाठी लिहिला गेला, हे आपण विसरतो. पत्राच्या शेवटच्या अध्यायात कारण सापडते. युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांचे आपसात पटत नव्हते. त्या साध्यासुध्या सभासद नव्हत्या. शुभवर्तमानाच्या कामी पौलाच्या खांद्याला खांदा लावून झटलेल्या, म्हणजे मंडळीतल्या वजनदार बायका होत्या. त्यांचे भांडण कशावरून होते हे पौल सांगत नाही. तो दोघींची नावे घेतो, दोघींना सारख्याच शब्दांत विनवतो आणि आणखी एका सहकाऱ्याला त्यांना मदत करायला सांगतो. देवाच्या पुत्राने स्वतःला रिक्त केले, हा ख्रिस्ती विश्वासाच्या गाभ्याचा विचार एका मंडळीतल्या रुसव्याफुगव्यांच्या संदर्भात आला, यातच त्याचा उपयोग कळतो. नम्रता ही ध्यानधारणेतली अवस्था असती, तर पौलाने ती दोन कार्यकर्त्यांच्या मतभेदापर्यंत आणली नसती. आणि ही विनंती त्याने मंडळीतल्या दुबळ्यांना केली नाही. ज्यांच्या शब्दाला किंमत होती, ज्यांच्या भांडणाने मंडळी दुभंगू शकत होती, त्यांना केली.

याच शहरात त्याआधी काही वर्षे, इ. स. ५० च्या सुमारास, घडलेली गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांत आहे आणि ती नम्रतेच्या दोन्ही बाजू दाखवते. पौल आणि सीला यांना भर चौकात कपडे फाडून छड्यांनी मारले गेले, तुरुंगात टाकले गेले आणि त्यांचे पाय खोड्यात अडकवले गेले. मध्यरात्री भूकंप झाला आणि दारे उघडली. कैदी पळाले असे समजून तुरुंगाचा अधिकारी जीव द्यायला निघाला होता. पौलाने त्याला थांबवले. त्यानंतर त्या अधिकाऱ्याने काय केले ते पाहावे. त्याने त्याच रात्री पाणी घेतले, ज्यांना त्याने खोड्यात घातले होते त्यांच्या पाठीवरच्या जखमा धुतल्या, त्यांना आपल्या घरी नेले आणि त्यांच्यापुढे जेवण ठेवले. अधिकार ज्याच्याकडे होता तो खाली आला. पण सकाळी उलटा प्रसंग आला. शहराच्या अंमलदारांनी शिपायांबरोबर निरोप पाठवला की त्या माणसांना सोडून द्या. गाजावाजा न करता निघून जाणे सोपे होते, आणि आज आपण ज्याला नम्रता म्हणतो तिला साजेसेही होते. पौलाने नकार दिला. आम्ही रोमी नागरिक असताना चौकशीशिवाय आम्हाला लोकांदेखत मारले आणि आता गुपचूप बाहेर काढता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने ठणकावले. अंमलदार आले आणि त्यांनी विनवण्या केल्या. नम्रतेचा पाठ देणाऱ्या माणसाने त्याच शहरात स्वतःवरच्या अन्यायाची जाहीर कबुली मागितली होती. ही विसंगती आहे असे ज्याला वाटते त्याने नम्रता म्हणजे मुकाट्याने सोसणे असे गृहीत धरले आहे. पौलाने तसे धरलेले नव्हते. तो आपली जागा आपणहून सोडायला तयार होता, पण सत्तेने केलेला अन्याय झाकून ठेवायला तयार नव्हता. त्याच्या मागे शहरात राहणाऱ्या नव्या मंडळीच्या सुरक्षिततेलाही त्या कबुलीने मदत झाली असणार.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो, त्या प्रसंगाच्या आधीचे वाक्य आपण घाईने ओलांडतो. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे ठाऊक असताना येशू भोजनावरून उठला, अशी योहान नोंद करतो. पाय धुणाऱ्याला आपल्या अधिकाराची पूर्ण जाणीव होती. धुऊन झाल्यावरही तो म्हणत नाही की मी तुमचा गुरू नाही. तुम्ही मला गुरू म्हणता ते बरोबर आहे असेच तो म्हणतो आणि म्हणूनच तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत असे सांगतो. आपण जे आहोत ते नाकारण्याची त्याला गरज पडली नाही. आज पवित्र गुरुवारी चर्चमध्ये हा विधी होतो. १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी पवित्र सप्ताहाच्या उपासनेत सुधारणा केल्या, तेव्हा तो सायंकाळच्या मिस्सात आणण्याची मुभा मिळाली. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या आणि मुस्लिमही होते. २०१६ मध्ये या विधीत स्त्रियांचा समावेश करायला औपचारिक परवानगी मिळाली. विधीचे मोल मोठे आहे, कारण तो वर्षातून एकदा का होईना दिशा दाखवतो. मात्र त्या दिवशी पुढे येणारे पाय आधीच स्वच्छ धुतलेले असतात, आणि धुणाऱ्याला सगळी मंडळी पाहत असते. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत कोण कोणासाठी वाकतो, यावर त्या विधीचा खरेपणा अवलंबून राहतो.

पहिल्या मंडळ्यांना हे कठीण गेले होते, आणि त्यांच्या अपयशाच्या नोंदी नव्या करारात लपवलेल्या नाहीत. करिंथमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी काही जण आधीच येऊन पोटभर खात, पीत आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत. पौलाचे म्हणणे असे की हे प्रभूचे भोजनच नव्हे. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला ‘तू तिकडे उभा राहा’ हा प्रकार अगदी स्पष्ट सांगितला आहे. आपल्या देशात या रोगाला जातीचे बळ मिळाले. दक्षिण भारतातल्या मंडळ्यांत वेगळ्या बैठका आणि प्रभुभोजनाला येण्याचा जातीनुसार क्रम एकोणिसाव्या शतकात रूढ होता. १८३३ मध्ये कोलकात्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हे भेद ताबडतोब आणि कायमचे सोडावेत असा आदेश काढला, तेव्हा अनेक उच्चजातीय ख्रिस्ती लोकांनी एका रांगेत गुडघे टेकण्यापेक्षा मंडळी सोडणे पसंत केले. ते लोक प्रार्थना करणारे होते, देवापुढे स्वतःला पापी म्हणणारे होते. देवापुढे लीन होण्यात त्यांना अडचण नव्हती. अडचण होती ती शेजारी कोण बसतो याची. म्हणून देवापुढची नम्रता खरी की खोटी याची परीक्षा माणसांपुढेच होते. आपल्या घरात कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा ठेवलेला असेल, तर त्या घरातल्या सायंप्रार्थनेत कितीही लीन शब्द असले तरी तो कप त्या शब्दांविरुद्ध साक्ष देतो.

नम्रतेला व्यवहारात कसे उतरवायचे, याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी इटलीत केला. त्यांच्या नियमावलीचा सातवा अध्याय नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगतो आणि तोच सहसा उद्धृत होतो. मला पस्तिसावा अध्याय अधिक शिकवणारा वाटतो. तो स्वयंपाकघराबद्दल आहे. मठातल्या बंधूंनी आठवड्याच्या पाळीने एकमेकांना जेवू घालायचे. आजारपण किंवा मठाचे महत्त्वाचे काम असल्याशिवाय कोणालाही यातून सूट नाही. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने सफाई करायची, बंधू हातपाय पुसतात ते टॉवेल धुवायचे. मग पाळी संपवणारा आणि सुरू करणारा, दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे. भांडी कोठाराच्या बंधूकडे स्वच्छ आणि न फुटलेली परत करायची, त्याने ती मोजून पुढच्याच्या हाती द्यायची. आणि वाढणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी, ठरलेल्या वाट्याशिवाय, थोडी भाकरी आणि पेय द्यायचे, म्हणजे भुकेल्या पोटी कुरकुरत सेवा करावी लागणार नाही. या शेवटच्या तरतुदीत बेनेडिक्ट यांची सगळी समज दिसते. सेवा करणाऱ्याचा छळ करून त्याला नम्र बनवता येत नाही, हे त्यांना माहीत होते. मठातला क्रमही त्यांनी प्रवेशाच्या तारखेवर ठरवला. मालकाचा मुलगा आणि मुक्त झालेला गुलाम यांत जो आधी आला तो पुढे. महत्त्वाच्या निर्णयाआधी मठाधिपतीने सर्वांना बोलवावे आणि धाकट्यांचेही ऐकावे, कारण देव पुष्कळदा योग्य गोष्ट धाकट्याला सुचवतो, असेही तिसऱ्या अध्यायात आहे. नम्रता शिकवण्यासाठी बेनेडिक्ट यांनी पाळी, यादी आणि बैठक यांचा आधार घेतला.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप जुना आणि दमदार आहे. डेव्हिड ह्यूम यांनी १७५१ मध्ये नम्रतेची गणना मठवासीयांच्या निरुपयोगी सद्गुणांत केली. असे गुण माणसाला ना समाजाच्या कामाचे ठेवतात, ना स्वतःच्या आनंदाचे. १८८७ मध्ये नीत्शे यांनी त्याहून जहरी निदान केले: दुबळ्यांना सूड घेता येत नाही, म्हणून ते आपल्या असमर्थतेला सद्गुणाचे नाव देतात. या टीकेत तथ्य अजिबात नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. भीतीने मान खाली घालणारा आणि मग त्यालाच आपली धार्मिकता समजणारा माणूस प्रत्येक मंडळीत असतो. अशा खोट्या नम्रतेचा इशारा कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातही आहे. स्वतःहून लादून घेतलेली लीनता आणि देहाला दिलेले क्लेश शहाणपणाचे दिसतात पण कामाचे नसतात, असे ते पत्र सांगते. मात्र नीत्शे ज्याचे वर्णन करतात, ते वर पाहिलेल्या एकाही प्रसंगाला लागू पडत नाही. सर्व काही हाती असलेला गुरू, किल्ल्या कमरेला असलेला तुरुंगाधिकारी, मठातला मालकाचा मुलगा, यांच्याकडे सूड घेण्याची ताकद होती. त्यांनी ती वापरली नाही किंवा दुसऱ्याच्या उपयोगी लावली. ताकद नसलेल्याच्या गप्प बसण्याला नम्रता म्हणायचे की नाही, यावर वाद होऊ शकेल. ताकद असलेल्याने पाण्याचे भांडे उचलण्याला दुबळेपणा म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो सोसणाऱ्यांकडून येतो. अमेरिकन धर्मविदुषी व्हॅलरी सेव्हिंग यांनी १९६० मध्ये दाखवून दिले की पाप म्हणजे अहंकार आणि उपाय म्हणजे आत्मत्याग, ही मांडणी पुरुषांच्या अनुभवावर बेतलेली आहे. ज्या स्त्रीला लहानपणापासून स्वतःला पुसून टाकायलाच शिकवले, तिला आणखी नमायला सांगणे म्हणजे तिच्या आजारावर तोच आजार देणे. आपल्याकडे १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी विचारले की भारतातले बहुसंख्य ख्रिस्ती ज्या समाजांतून आले, त्यांच्या वेदनेला भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतनात जागा का नाही. पिढ्यानपिढ्या ज्यांना पायरीवर बसवले त्यांना पायरी उतरण्याचे धडे देणे हा अन्याय आहे, आणि हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. माझ्या मुख्य म्हणण्याला तो छेद देत नाही, उलट त्यालाच पुष्टी देतो.

याचा पुरावा महाराष्ट्राच्या इतिहासात पंडिता रमाबाईंच्या रूपाने आहे. कोलकात्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदे दिली. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे पुढे बराच काळ खटके उडाले. सिद्धान्तांवरून उडाले, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावरूनही उडाले. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वडिलकीच्या नात्याने रमाबाईंवर गर्वाचा ठपका ठेवला जातो, आणि रमाबाई मायेने पण ठामपणे सांगतात की आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे आणि एका पुरोहितशाहीचे जू टाकून दुसरे घ्यायला आपण आलेलो नाही. ज्यांनी त्यांना गर्विष्ठ म्हटले त्यांनी त्यांचे पुढचे आयुष्य पाहावे. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी भुकेने मरणाऱ्या मुलींना आणि विधवांना केडगावला आणले आणि मुक्ती सदन उभे राहिले. पुढच्या काळात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. संस्कृतात शास्त्रार्थ करणाऱ्या या बाईंनी ते साध्या बायकांना कळेल अशा मराठीत केले, आणि त्याचे खिळे मुक्तीच्या छापखान्यातल्या स्त्रियांनी जुळवले. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. बिशपांपुढे न झुकलेली विद्वत्ता नुकते अक्षर शिकलेल्या बाईसाठी उतरून आली. वर मान ताठ आणि खाली हात पुढे, हीच नम्रता फिलिप्पैमध्ये पौलाने दाखवली होती.

तिसरा आक्षेप तर्काचा आहे. दुसऱ्यांना आपल्याहून श्रेष्ठ माना असे पौल सांगतो. पण हे खोटे असेल तर? शस्त्रक्रियेत निष्णात असलेल्या डॉक्टरने शिकाऊ डॉक्टरला आपल्याहून कुशल मानावे काय? तसे केले तर रोग्याचा जीव जाईल. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याचे नीट उत्तर दिले आहे. आपल्यातले जे देवाचे दान आहे ते दुसऱ्यातल्या दानापेक्षा कमी आहे असे खोटेच मानायची गरज नाही. आपल्यात जे केवळ आपले आहे, म्हणजे आपल्या उणिवा, ते शेजाऱ्यातल्या देवाच्या दानापुढे लीन असावे. म्हणूनच मोठ्या कामाला हात घालण्याची उमेद आणि नम्रता हे त्यांच्या मते विरोधी गुण नाहीत. सोळाव्या शतकात आविलाच्या संत तेरेझा यांनीही नम्रता म्हणजे सत्यात चालणे असेच म्हटले. पौलाचे पुढचे वाक्यही हाच अर्थ पक्का करते: प्रत्येकाने आपलेच हित न पाहता दुसऱ्याचेही पाहावे. प्रश्न कौशल्याच्या तुलनेचा नाहीच. त्या शल्यविशारदाने आपले कौशल्य ओळखावे, वापरावे, आणि शिकाऊ डॉक्टरने किंवा नर्सने ‘सर, स्पंजाची मोजणी जुळत नाही’ म्हटले की थांबून ऐकावे. तेवढ्या थांबण्यात नम्रता आहे, आणि रोग्याचा जीवही तिथेच वाचतो.

शेवटचा आक्षेप साधकांचा असतो: नम्र व्हायला गेलो की नम्रतेचाच गर्व होतो, मग प्रयत्न कशाला? हा अनुभव खरा आहे. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी गर्वाच्याही बारा पायऱ्या लिहिल्या आणि त्यांत ढोंगी कबुलीला जागा दिली. स्वतःला पापी म्हणणारा माणूस दुसऱ्याने तेच म्हटले की भडकतो. पण हा धोका स्वतःकडे पाहत राहण्यातून येतो. मी किती लीन आहे हे रोज तपासणाऱ्याचे लक्ष शेवटी स्वतःवरच राहते. त्याऐवजी लक्ष कामावर ठेवावे. भांडी स्वच्छ परत गेली की नाही, समोरच्याचे बोलणे पूर्ण ऐकले की नाही, हे पाहता येते. मनातला गर्व आहे की गेला, हे नक्की पाहता येत नाही. कामाची सवय लागली की मन तिच्यामागून येते. कधी येत नाही, तरीही शेजाऱ्याचे पाय धुतले गेलेले असतात.

मग रोजच्या ख्रिस्ती जीवनात याचा अर्थ काय? घरात असा की चूक झाली तर बापाने मुलापुढे ती कबूल करावी आणि कबुलीला ‘पण’ जोडू नये. मुलाकडून माफी मागवणाऱ्या बहुतेक घरांत मुलाने बापाची माफी कधी ऐकलेलीच नसते. कामाच्या ठिकाणी असा की हाताखालच्याने केलेल्या कामावर त्याचेच नाव राहू द्यावे आणि साहेबापुढेही ते घ्यावे. मंडळीत असा की प्रश्न विचारणाऱ्याचा सूर आवडला नाही तरी आधी प्रश्नाचे उत्तर द्यावे. सुराबद्दल नंतर बोलता येते. पद सोडण्याची वेळ ठरलेली असावी आणि ती आली की माणसाने खरोखर बाजूला व्हावे. मुलीचे स्थळ पाहताना जात विचारणे बंद करावे, कारण प्रभुभोजनाच्या एका रांगेची परीक्षा शेवटी लग्नाच्या पंगतीत होते. आणि ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्याला, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला किंवा पगार थकलेल्या शिक्षकाला, नम्रतेचे वचन वाचून दाखवू नये. त्यांच्याकरिता पौलाची फिलिप्पैमधली सकाळ आहे. त्यांच्यासोबत उभे राहणे ही आपली नम्रता आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी जे चर्चकमिटीवर, पॅरिश कौन्सिलवर, संस्थेच्या विश्वस्त मंडळावर किंवा धर्मगुरूंच्या पदावर आहेत, त्यांना एकच विनंती. येत्या कापणीच्या सणाला किंवा नाताळच्या प्रीतिभोजनाला वाढणाऱ्यांची आणि भांडी घासणाऱ्यांची यादी कराल, तेव्हा पहिली नावे आपली घाला, आणि पंक्तीत मानाच्या खुर्च्या ठेवू नका. सफाई करणाऱ्या सेवकाला त्या दिवशी आधी जेवू घाला. असे वर्षभर चालवून दाखवा. त्यानंतर नम्रतेवर उपदेश केलात तर तरुण तो ऐकतील, आणि त्यांनी ऐकावा अशी अपेक्षा करण्याचा हक्कही तुम्हाला असेल.